मधला चेंडू कुणाचा, शोभा?

ये, अशी जवळ ये. झोपाळ्याच्या कडेला पाहुण्यासारखी टेकू नकोस, नीट मागे सरून बस. आज मी बोलणार आणि तू ऐकणार, कारण तुझी चूकच तशी आहे. खेळ अर्धा टाकून कुणी जातं का गं? "उरलेला शनिवारी," म्हणालीस, बूट पिशवीत कोंबलेस, चहाचा कप तसाच अर्धा ठेवलास आणि रिक्षात बसलीस. शनिवार यायच्या आत तूच गेलीस. मी मात्र शनिवारी सवयीनं लवकर उठले, वेणी घातली, आणि मग आठवलं की आज कुणी येणार नाही. वेणी घालून झाल्यावर आठवलं, शोभे. ही काय रीत झाली?

आता कुणाला वाटेल, ही बाई विहिणीला अगं-तुगं करते! माझी मनीषा तुझ्या राजेशला दिली त्या दिवसापासून आपण एकमेकींना अहो-जाहोच करत आलो. तू लातूरकडची, नवऱ्याच्या कंपनीपायी रहाटणीत येऊन राहिलेली. मी कुरुळीची, चाकणच्या कंपन्या यायच्या आधीपासून तिथंच रुजलेली. तुझं ते "कामून" आणि माझं "कशापायी". लग्नात मानाच्या साड्यांवरून दोन्हीकडच्या बायका कुजबुजल्या, आपण दोघी मात्र तोंड भरून हसत राहिलो, कारण विहिणींनी हसतच राहायचं असतं. ते हसणं पुढं बरीच वर्षं तसंच चाललं, इस्त्री केल्यासारखं. खरं हसू आलं ते काचेच्या आत गेल्यावर.

आमच्या रस्त्याकडेच्या तुकड्यात, जिथं मी मेथी-कोथिंबीर लावायची, तिथं संदीपनं ते काचेच्या भिंतींचं पॅडेलचं कोर्ट घातलं. मला आधी काही पटलं नव्हतं. पोटचा मुलगा आहे म्हणून गप्प बसले. नारळ फोडायला तुम्हाला बोलावलं, तर तू सगळ्यांच्या आधी जाऊन त्या मागच्या काचेवर बोटानं टकटक केलंस आणि तोंड अगदी गंभीर करून मला विचारलंस, "विहीणबाई, ह्याच्यात मासे कवा सोडायलाव?"

संदीप हसता हसता सांगायला लागला, "मावशी, टेनिससारखंच हाय हे, फक्त भिंतींसकट. चेंडू आपल्याकडं एक टप्पा घेऊन मागच्या काचेला लागला तरी तो मेला न्हाई. काचेवरून परत येतो. दुसरा टप्पा पडायच्या आत मारायचा."

"म्हणजे कॅरमचा रिबाउंड," तू म्हणालीस.

"तसंच समजा."

मग त्याच्या हातातली बॅट घेतलीस. जाड, आखूड दांड्याची, भोकं भोकं पाडलेली. "अगं बाई, हा तर झारा! ह्यानं भजी तळायची का चेंडू?" त्या दिवसापासून आपण तिला झाराच म्हणत आलो. आता तिथं येणारी कंपनीतली पोरंसुद्धा म्हणतात, "काकू, एक झारा द्या." हे तुझं काम.

खेळायची कल्पनाही तुझीच. तेव्हा संध्याकाळी कोर्ट भरलेलं असायचं, सकाळी रिकामं. तुझे गुडघे आखडले होते, माझं मन. तू म्हणालीस, "रिकामंच पडायलंय तर आपण दोघी चालून बघू की." चालून बघू म्हणत कधी खेळायला लागलो, ते कळलंच नाही. मी आधी साडीवर खेळले, निऱ्या खोचून, खाली संदीपचे जुने बूट. एकदा पदर झाऱ्यात अडकला आणि मी स्वतःभोवतीच गिरकी घेतली. पुढच्या खेपेला तू माझ्यासाठी पंजाबी ड्रेस घेऊन आलीस. मी म्हटलं, "गावात कुणी बघितलं तर?" तू म्हणालीस, "गाव ह्या वेळेला बसची वाट बघायलंय, तुमच्याकडं बघायला कुणाला सवड हाय?" तरी मी पंपाच्या खोलीत जाऊन बदलायची आणि खेळून झालं की परत साडी.

समोरच्या बाजूला संदीप आणि मनीषा. मनीषा तळवड्याच्या कॉम्प्युटर कंपनीत जायच्या आधी तासभर तुझ्याबरोबर यायची. इकडे मी उजवीकडं, तू डावीकडं. आणि मधे तो चेंडू.

आठवतं का गं? कडेचे चेंडू आपण बरे घ्यायचो, पण बरोबर मधोमध आलेला आपल्याला कधी घेताच आला नाही. तू थांबायचीस, मी थांबायची.

"घ्या ना."

"छे छे, तुमी घ्या."

"तुमच्या जवळ होता."

"आवं पण तुमी मोठ्या."

चेंडू तोवर आपल्या दोघींच्या मधून जाऊन, काचेला लागून, परत येऊन, दुसरा टप्पा घेऊन निवांत गडगडत जाळीपाशी पोचलेला असायचा. संदीप डोक्याला हात लावायचा. "आई, मावशी, हे हळदी-कुंकू न्हाई!" आणि मनीषा, माझीच पोरगी, म्हणायची, "असू दे रे दादा. त्यांचा मानपान होऊ दे, आपले पॉइंट होऊ दे." तिनं तर युक्तीच काढली होती. मुद्दाम मधेच मारायची. सासू आणि आई, दोघींना एका फटक्यात.

शेवटी तू झारा काखेत धरून मला कोपऱ्यात घेतलंस. "हे बगा, विहीणबाई. 'तुम्ही सोडा, मी घेते' एवढं म्हणून होईस्तोवर चेंडू लातूरला पोचतो. काचेच्या आत अहो बंद. बाहेर निघालो की परत चालू."

मला ते जमेना. व्याह्यांच्या घरच्या बाईला तू म्हणायचं! आमच्याकडं विहिणीच्या ताटात मीठ कमी पडलं तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावं लागतं. पण खेळात एकदा चेंडू मधे आला आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "शोभे, सोड!" मी जीभ चावली. आणि तू तिथंच हिरव्या गालिच्यावर बसलीस आणि हसत सुटलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "इंदू," म्हणालीस, "एवढ्या मोठ्यानं मला माझ्या आईनंबी हाक मारली नव्हती."

बाहेरच्या दारात बूट काढताना मात्र मी लगेच, "चला विहीणबाई, चहा ठेवते." तू मान डोलवायचीस, "हाव, चला," आणि डोळा बारीक करायचीस.

पण आपलं खरं भांडण मधल्या चेंडूवरून नव्हतंच. ते मागच्या काचेवरून होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी काचेपर्यंत चेंडू जाऊच द्यायची नाही. दिसला की धावले, पडला की मारला. माझ्या दारात आलेली वस्तू माझ्या पाठीमागं कशी जाऊ द्यायची? आणि तू डावीकडून ओरडायचीस, "सोड इंदू, येतोय की!" मला रागच यायचा. चेंडू अंगावरून मागं गेला, आपली पाठ जाळीकडं झाली, समोर नुसती काच, आणि ही म्हणते येतोय!

तुझं म्हणणं असं की चेंडूकडं धावायचं नाही, तो जिथं येणार तिथं आधी जाऊन उभं राहायचं. काचेला चिकटायचं नाही, चिकटलं की तो पोटातच येतो. जरा पुढं, आडवं उभं राहायचं, झारा खाली न्यायचा आणि दम धरायचा. "काचेकडं कामून बघायलीस? पहिला टप्पा कुठं पडला ते बघ. कॅरममधी स्ट्रायकर लाकडाला कुठं लागला ते बघितलं की पुढचं आपोआप कळतं." टप्पा लांब पडला तर काचेवरून जोरात येतो, आखूड पडला तर मरगळून येतो. कोपऱ्यात शिरला तर दोन काचांना लागून भलत्याच बाजूनं निघतो, तेव्हा आपण त्याच्याबरोबर गोल फिरायचं नाही, मधे जागा सोडून उभं राहायचं. हे सगळं तुला कुणी शिकवलं नव्हतं. पोटात, खांद्यात, एकदा तर बरोबर कपाळावर चेंडू खाऊन खाऊन तू ते शिकलीस. कपाळाला टेंगूळ घेऊन हळदीच्या कार्यक्रमाला गेलीस आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलंस, "सुनेनं मारलं."

थंडीतली ती सकाळ आठवते. काचेवर इतकं दव की पलीकडची कंपनीची चिमणी दिसत नव्हती. तू म्हणालीस चेंडू येणार, आणि तो ओल्या काचेवरून असा घसरून खाली गेला, जसा काही नव्हताच. मी टाळ्या वाजवल्या. "बघ, आला का?" ओढणी काढलीस आणि आख्खी मागची काच पुसत बसलीस, वरचं हाताला येईना म्हणून टाचा उंचावून. मी मदतीला आले तर म्हणालीस, "तू टाळ्या वाजव." नंतर दोघींनी मिळून पुसली. आपल्या दोघींची तोंडं त्या काचेत हळूहळू दिसायला लागली. आधी कपाळं, मग नाकं. तू स्वतःकडं बघून म्हणालीस, "कोण गं ह्या म्हाताऱ्या?"

मनीषाचं तुला कसं कळायचं, हे मात्र मला आजपर्यंत उमगलं नाही. ती मारायच्या आधीच तू कोपऱ्याकडं निघालेली असायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "चेंडू बघूच नको. मनीचा खांदा बघ. चिडली की कोपऱ्यात मारती, खूश असली की उंच टाकती." माझ्या पोटची पोरगी, गं. तिचा राग कुठल्या कोपऱ्यात जातो ते तुला माहीत!

एकदा ती राजेशशी भांडून बॅग घेऊन कुरुळीला आली होती. माझा जीव खालीवर. मी फोन घेऊन बसले, जावयाला काय काय बोलायचं ते मनात जुळवत. तेवढ्यात तू रिक्षानं आलीस. ना तिला काही विचारलंस, ना मला. "चला, खेळायचं," एवढंच. त्या दिवशी पोरीनं नुसते कोपऱ्यात हाणले. एकेक चेंडू असा काचेवर आदळायचा की मला वाटे काच फुटतेय. तू सगळे जाऊ दिलेस. आले तसे उंच, हळू, परत तिच्याच हातात टाकलेस. मी मधे बोलायला गेले की हात आडवा करायचीस. शेवटी ती दमली, झारा टाकला आणि तुझ्या गळ्यात पडून रडली. माझ्या नाही, तुझ्या. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी ती स्वतःहून बॅग उचलून तुझ्याबरोबर रिक्षात बसली, तेव्हा मी देव्हाऱ्यात दिवा लावताना तुझ्या नावानं एक फूल जास्त वाहिलं. हे तुला सांगायचं राहिलं होतं. आता सांगितलं.

आणि ते दुसरं भांडण. मुक्कामाचं. दर खेपेला चहा झाला की तू विचारायचीस, "आमच्याकडं कवा यायलाव राहायला?" मी म्हणायची, "येऊ की." येऊन गेले, चहा घेतला, एक-दोनदा जेवलेही. पण मुक्काम नाही. माझी आई मला भेटायला यायची ती पदरात स्वतःची भाकरी बांधून. लेकीच्या सासरी रात्र काढायची नाही, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. तू कधी त्याला वेडेपणा म्हटलं नाहीस. नुसती पुढचा टप्पा बघत राहिलीस. मग एक दिवस काचेच्या आत, चेंडू वेचता वेचता म्हणालीस, "विहिणीच्या घरी राहायचं नसतं, हाव, मान्य. पण शोभाच्या घरी? तिला कुठं लेक दिलीस तू?"

मी आपली दार उघडून बाहेर आले आणि म्हटलं, "चला विहीणबाई, चहा ठेवते." तू मागून ओरडलीस, "पळ, पळ! पॉइंट माझा!"

त्या शेवटच्या दिवशी आपण बरोबरीत होतो. संदीपनं एक चेंडू खोल टाकला. मी निघाले, तू ओरडलीस, "सोड, येतोय की!" आणि का कोण जाणे, मी सोडला. पहिल्यांदाच सोडला गं. आणि तो नेमका काच आणि जमीन मिळते त्या फटीतच पडला. उसळलाच नाही. तिथंच बसला. मी तुझ्याकडं बघितलं, "आता? कुठाय?" तू म्हणालीस, "एखादा न्हाई येत. म्हणून काय सगळ्यांच्या अंगावर धावून जायचं का?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुढच्या वेळेची मंडळी दारात आली. "उरलेला शनिवारी."

मी शनिवारसाठी उत्तर जुळवून ठेवलं होतं. चांगलं ठसक्यातलं. आता आठवतसुद्धा नाही.

शोभे, मला कुणी सांगू नये की तू चेंडूसारखी परत येशील. तुझे दिवस झाले तेव्हा आलेल्या बायका तसलंच काहीबाही बोलत होत्या. मला माहीत आहे फटीत पडलेला चेंडू कसा असतो. त्या बाबतीत मी जिंकले, आणि असलं जिंकणं दुश्मनालाही नको.

दिवस झाल्यावर मनीषाचा रोज फोन. "आई, ये ना गं राहायला. राजेश शिफ्टला जातो, मी घरी येते तर कुकरसुद्धा परका वाटतो. सासूबाईंच्या हातचे डबे अजून तसेच आहेत, मला उघडवत नाहीत." मी इकडचं-तिकडचं बोलायची. गाईचं दूध कोण काढणार, संदीपच्या जेवणाचं काय. गाय विकून वर्ष झालं, हे तिला माहीत होतं. ती नुसती ऐकत राहायची. अगदी तुझ्यासारखी.

काल सकाळी ती न सांगता सवरता कुरुळीला आली. तुझे बूट पायात, तुझा झारा हातात. म्हणाली, "चल, अर्धा राहिलाय ना." संदीपनं त्याच्या एका दोस्ताला पलीकडं घेतलं. मनीषा डावीकडं गेली, तुझ्या जागेवर. माझ्यानं तिकडं बघवेना. मी पंजाबी ड्रेसच घातला नाही, साडीवरच उभी राहिले, बाहेरच्यासारखी.

आणि आला गं. बरोबर मधोमध, खोल. माझे पाय धावायला निघाले. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "सोड आई, येतोय की!"

लातूरचा हेल, शोभे. माझ्या कुरुळीच्या पोरीच्या तोंडी तुझा हेल. तिला स्वतःला कळलंही नाही.

मी थांबले. आडवी झाले, झारा खाली नेला. चेंडू माझ्या अंगावरून मागं गेला आणि मी त्याला जाऊ दिलं. पाठीमागं काचेचा आवाज झाला. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. आणि तो आला. अलगद, कमरेच्या उंचीवर, तू म्हणायचीस तसा, हातात दिल्यासारखा. मी झारा फिरवला आणि थेट जाळीत घातला.

संदीपनं तोंड फिरवून हसू दाबलं. मनीषा हसता हसता खाली बसली, तिथंच, त्याच जागेवर, आणि मग रडायला लागली. या खेपेला माझ्या गळ्यात पडून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "चल, बॅग भरते."

"कुठं?"

"शोभाच्या घरी."

तर आता रहाटणीत, तुझ्या गॅलरीत बसून हे लिहितेय. रात्र इथंच काढली. झोप लागली नीट, तुझ्या गोधडीत. सकाळी तुझे डबे मीच उघडले, मनीषाला शेजारी उभं करून. शेंगदाण्याची चटणी अजून चांगली आहे, तिखट जरा जास्तच घालतेस. दुपारच्या भाकरीबरोबर तिनं चाटूनपुसून खाल्ली. बुटांच्या मांडणीत तिनं माझे बूट तुझ्या बुटांच्या शेजारी ठेवलेत. काचेच्या बाहेर आहे मी, तरी तुला तू म्हणतेय, बघ. ऐकू येतंय ना?

इतकी वर्षं तू येत राहिलीस, रिक्षा करून, गुडघे धरून, आणि मी "येऊ की" म्हणत राहिले. आता मी आले. मुक्कामाला आले, सामान घेऊन. आता तू ये. स्वप्नात ये, मनीषाच्या बोलण्यात ये, कशीही ये. झोपाळ्यावर मी उजवीकडं बसलेय, डावी बाजू मोकळी ठेवलीय. चहा ठेवते. लवकर ये गं.